दसऱ्याच्या आत

फाटकाशी उजवा हात पुढे, तळहात वर. "माचिस?"

आमच्या नाट्यमंडळातल्या प्रत्येकाची शेठजींशी पहिली भेट अशीच झाली. नमस्कार, नाव, गाव हे सगळं नंतर. ज्याच्याजवळ माचिस असेल त्याने ती त्या हातावर ठेवायची, नसेल त्याने खिसा उलटा करून दाखवायचा. एकदा बँकेचे एक साहेब तालीम बघायला आले. "मी ओढत नाही हो," ते म्हणाले. हात तसाच पुढे. "ओढत नाई त खिसा दाखवाले काय जाते जी?" साहेबांनी खिसा उलटा केला. रुमाल निघाला आणि बडीशेपेची पुडी. शेठजींनी पुडीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि म्हणाले, "जा आता."

जाताना ज्याची माचिस त्याला परत मिळायची. अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही. "तुमची ही, ओली झालेली. नवीन घ्या जी आता, कंजूषपणा पुरे."

हिंगणघाटातल्या एका जुन्या जिनिंगचं, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचं, ते फाटक होतं. आत सरकीचा वास, पत्र्याची दोन लांब गोदामं आणि कोपऱ्याकोपऱ्यात वर्षभर न संपणारी रुई. अशा ठिकाणी माचिस म्हणजे काय, हे जिनिंग पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी मंडळाचा खजिनदार. एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तोंडाला रंग मी कधी लावला नाही. शेठजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्याविषयी लिहिताना जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलेलं म्हणून सांगेन आणि जे ऐकलं ते ऐकीव म्हणून. त्यांना अघळपघळ बोललेलं चालायचं नाही.

त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण आजोबांच्या वेळेपासून इथलंच. घरात मारवाडी, बाजारात हिंदी आणि आमच्याशी वऱ्हाडी. ती आमच्यापेक्षा गावरान. पांढरा सदरा, धोतर, पायात चपला. हंगामात चेहऱ्यावर रुईची बारीक लव बसलेली असायची. ती त्यांनी पुसलेली मला आठवत नाही.

गोदाम आम्हाला मिळालं ते बाळूभाऊंमुळे. बाळूभाऊ एस.टी. डेपोत कारकून, आमचे लेखक आणि दिग्दर्शकही तेच. तालमीला जागा नव्हती. शाळेच्या वर्गात सहानंतर कुलूप, देवळाच्या सभामंडपात भजन. बाळूभाऊंनी शेठजींना गाठलं आणि उन्हाळ्यात शेवटच्या गाठी गेल्या की गोदाम रिकामं असतं तेव्हा द्याल का, असं विचारलं. शेठजी म्हणाले, "घ्या. दसऱ्याच्या आत खाली करजा." भाड्याचं बाळूभाऊंनी काढलं, तर त्यांना ते ऐकूच आलं नाही. पुढे कधीही आलं नाही.

दसऱ्याला पहिला कापूस यायचा. यंत्राची पूजा व्हायची आणि आम्ही आमच्या खुर्च्या उचलून शाळेच्या सभागृहात जायचो; ते स्पर्धेआधी थोडे दिवस मिळायचं. तिथे उरलेल्या तालमी, मग स्पर्धेचा प्रयोग. वर्षानुवर्षं हाच क्रम. 'दसऱ्याच्या आत' हे शब्द आमच्यासाठी पाठच होते. त्यांचा अर्थ कोणी नव्याने विचारला नाही.

सुरुवातीला ते तालमीत बसायचे ते फक्त पहारा म्हणून. दाराशी स्टूल टाकून, सगळ्यांच्या माचिशी मांडीवर घेऊन. मग कधीतरी संहितेची एक प्रत त्यांच्या हाती आली. मराठी वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून वाचायचे. पण महिनाभरात त्यांना ती प्रत लागेनाशी झाली. आमचा प्रॉम्प्टर शिकवणीच्या निमित्ताने गळाला होता. ते काम न ठरवता शेठजींकडे गेलं.

नुसतं वाक्य सांगून ते थांबत नसत. आमचा नायक प्रमोद कृषी केंद्रात कामाला. एकदा तो एकाच जागी तिसऱ्यांदा अडला. शेठजी म्हणाले, "काऊन बापा, पगाराची तारीख नाई विसरत. अन् दीड ओळ विसरते?" शालूताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि आमच्या सगळ्या नाटकांतल्या आई. एका नाटकात त्यांना मरायचं होतं. त्या जमिनीवर पडल्या, रुई उडाली आणि त्यांना शिंक आली. शेठजी स्टुलावरून म्हणाले, "बाई, मेल्यावर शिंकता? लोकं पैसे वापस मागतीन." शालूताई पडल्या पडल्याच हसायला लागल्या. त्या दिवशी पुढे तालीम झाली नाही.

या माणसाने आमचं एकही नाटक पाहिलं नव्हतं.

कारण असं सांगतात. हे ऐकीव आहे, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. शेठजींचे वडील ऐन हंगामात एका रात्री आर्वीला लग्नाला गेले होते. कापसात आलेला खडा यंत्रात अडकला, ठिणगी पडली आणि पहाटेपर्यंत एक गोदाम गेलं. माणसं वाचली. त्यानंतर वडील हंगामात जिनिंगबाहेर झोपले नाहीत आणि वडिलांनंतर शेठजीही नाहीत. दसऱ्यापासून होळीच्या पुढपर्यंत त्यांची खाट यंत्राच्या खोलीशेजारी असायची. आमचे प्रयोग नेमके त्याच दिवसांत, तेही नागपूर नाहीतर चंद्रपूरला. गावातल्या प्रयोगालासुद्धा ते आले नाहीत. "तिकडं टाळ्या वाजतीन, अन् इकडं माहा जीव उडून जाईन," म्हणायचे.

म्हणजे त्यांनी नाटक पाहिलं ते फक्त ट्यूबलाइटच्या उजेडात, रोजच्या कपड्यांत. तालमीत दोन खुर्च्या उभ्या केल्या की त्यांच्यामधली फट म्हणजे दार. स्टूल म्हणजे चूल. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी बाळूभाऊ आणि मी जिनिंगवर जायचो. बक्षीस मिळालं की नाही, हे ते शेवटी विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "दरवाजा कसा झाला होता?"

"निळा केला होता, शेठजी. वर कडी."

"निळा?" ते थोडा वेळ यंत्राकडे बघत राहायचे. "मी पिवळा धरला होता."

आमचं मंडळ दरवर्षी तिघांचा सत्कार करतं. एक कलावंत, एक शिक्षक आणि कलेला हात देणारा एक व्यावसायिक. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. तिसऱ्या जागेसाठी बैठकीत पहिलं नाव दरवर्षी शेठजींचंच निघायचं आणि दरवर्षी ते आम्हाला परत पाठवायचे. "गोदाम रिकामं होतं, तुम्ही बसले. यात माहा काय सत्कार? करसान त उद्यापासून तालीम दुसरीकडं." मग आम्ही कापडवाल्याचा करायचो, छापखानेवाल्याचा करायचो.

आणि एका वर्षी, आषाढात, तालीम संपल्यावर माचिशी वाटता वाटता ते म्हणाले, "यंदा माहा करून टाका."

बाळूभाऊंना कळलंच नाही. "काय करून टाकू?"

"सत्कार. पण इथं गोदामात. अन् त्याच दिवशी नाटक करजा. सप्पा लावून. दरवाजा, लाइट, कपडे, तोंडाचा रंग, सगळं सप्पा."

"शेठजी, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?"

"सूर्याचं राहू द्या. दसऱ्याच्या आत करजा म्हणजे झालं."

शालूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं. आम्हा सगळ्यांनाच हुरूप आला. त्या वर्षीचं नाटक बाळूभाऊंनी लिहिलेलं. अनेक वर्षांनी घरी येणारा मुलगा आणि त्याची आई. आईच्या घरचं दार हे त्यात मोठं प्रकरण होतं. बाळूभाऊ म्हणाले, "यंदा दरवाजा असा करू, की शेठजी नाटक सोडून दरवाजाच पाहतील."

हुरूप आला की आमच्या लोकांना पाहुणा आठवतो. इतक्या वर्षांनी शेठजींनी हो म्हटलं, तर शाल तितक्याच मोठ्या माणसाच्या हातून पडली पाहिजे, असं बैठकीत ठरलं. नागपूरचे, मालिकांमध्ये काम करणारे एक नट कोणाच्या तरी ओळखीचे निघाले. त्यांनी होकार दिला, पण तारीख दिली ती दसऱ्यानंतरची, दिवाळीच्या अलीकडची. आधी एकही दिवस मोकळा नव्हता.

बैठकीत कोणालाही अडचण वाटली नाही. अलीकडे कापूस दिवाळीनंतरच येतो. शेठजींकडे दोन गोदामं. एक पंधरा दिवस रिकामं ठेवायला ते आपल्याला नाही म्हणणार आहेत थोडेच?

विचारायला बाळूभाऊ आणि मी गेलो. ते आवारात कडुनिंबाखाली बसले होते. आम्ही पाहुण्यांचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. मग तारीख सांगितली.

"दसऱ्याच्या आत नाई जमत काय?"

"नाही ना शेठजी. मोठा माणूस आहे."

"त्यायले दुसरी तारीखच नाई?"

"नाही."

त्यांनी कडुनिंबाच्या खोडावर हात फिरवला. मग उठले, धोतराचा सोगा झटकला. "मंग ठीक हाये. पाहुणा मोठा हाये त त्याची मर्जी." आणि चहा सांगायला आत गेले. आम्ही चहा पिऊन खुशीत परतलो.

दसऱ्याला रिवाजाप्रमाणे आम्ही गोदाम सोडून शाळेत गेलो. त्या दिवशी यंत्राची पूजा झाली की नाही, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलं नाही. नवं दार सुताराकडे तयार होत होतं. बाळूभाऊ उरलेल्या तालमींत बारीकसारीक बदल करत होते.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नेपथ्य टेम्पोत घालून आम्ही जिनिंगवर पोहोचलो. फाटकाला नवं कुलूप. आत कडुनिंब नव्हता. एका गोदामाचे पत्रे उतरवून एकावर एक रचलेले आणि मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा. एक अनोळखी चौकीदार आला.

"शेठजी आहेत?"

"कोणते शेठजी? इथं आता लेआउट पडून राह्यला, घरांचे प्लॉट. दसऱ्याले कब्जा झाला ना भाऊ."

टेम्पोवाला विचारत होता, सामान कुठं उतरवू. बाळूभाऊ फाटकाचं कुलूप हलवून बघत होते. मीच त्याला म्हटलं, थांब जरा.

आम्ही तसेच शेठजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. दिवसा घरी बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही मुलं बाहेरगावी स्थिरावलेली, जिनिंग चालवायला कोणी नाही. जागेचा सौदा ज्येष्ठातच झालेला. दसऱ्यापर्यंत ताबा घेऊ नका, एवढीच सवलत त्यांनी मागून घेतली होती. हे त्यांच्या पत्नीने सांगितलं. ते नुसते घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उलगडत होते.

बाळूभाऊ जवळजवळ ओरडलेच. "शेठजी, सांगितलं का नाही? आम्ही त्या पाहुण्याला बाजूला सारलं असतं हो. एक शब्द बोलायचा ना!"

"काय बोलू? माही जागा इकली, म्हणून घाई करा?"

"हो! असंच बोलायचं!"

"बाळूभाऊ, सत्कार घेणाऱ्यानं तारीख मागायची नसते जी. मी एकदा मांगली. दुसऱ्यांदा मले नाई जमलं."

नंतर आमच्या बैठकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. कोणी म्हणालं, शेठजींचा स्वभावच तसा. कोणी म्हणालं, आपण चूक केली. मला एवढंच वाटतं, की ज्याने आमच्याकडे कधी काही मागितलं नाही, त्याने एक गोष्ट मागितली होती आणि ती आम्ही त्याच्याच मानासाठी मोडली. असं आपल्याकडे घडतं. तुम्हीही पाहिलं असेल.

कार्यक्रम गावातल्या सभागृहात झाला. शेठजी आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. त्या संध्याकाळी कलावंत म्हणून एका वयस्कर खंजिरी भजनवाल्यांचा सत्कार होता आणि शिक्षक म्हणून चित्रकलेच्या एका बाईंचा. पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांनी तिघांना शाली घातल्या, कलेला राजाश्रय हवा असं बोलले आणि नाटक सुरू व्हायच्या आत निघून गेले, पुढे शूटिंग होतं. शेठजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माईकसमोर उभे राहिले. "मी काही केलं नाई. हे लोकं चांगले हायेत," एवढं बोलून खाली उतरले.

पडदा उघडला तेव्हा मी मुद्दाम विंगेत उभा होतो, तिथून पहिली रांग दिसते. दार तपकिरी होतं, जुन्या सागवानासारखं रंगवलेलं, पितळी कडीचं. त्यावर पिवळा प्रकाश पडला. शेठजी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसले. तोंड किंचित उघडं. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांना कळली नाही. त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येकाचं वाक्य, प्रत्येकाच्या जरा आधी.

पहिल्या अंकाच्या शेवटी मुलगा बाहेरून दार वाजवतो. आई उठते, दारापर्यंत जाते आणि म्हणते, "दार उघडंच आहे." गोदामातल्या तालमीत शालूताई हे चालता चालता म्हणत. शाळेत गेल्यावर बाळूभाऊंनी तिथे बदल केला होता. आईने दाराशी जायचं, कडीवर हात ठेवायचा आणि थांबायचं. लोकांना श्वास धरावा लागेल इतकं थांबायचं. मगच बोलायचं.

शालूताईंनी कडीवर हात ठेवला आणि थांबल्या. सभागृह एकदम शांत झालं.

आणि पहिल्या रांगेतून शेठजींचा आवाज आला, तालमीत यायचा तसा, स्पष्ट आणि मोठा. "दार उघडंच आहे!"

लोक हसले. वाईट मनाने कोणी हसलं नाही, पण सगळं सभागृह हसलं. शालूताईंनी स्वतःला सावरून वाक्य म्हटलं, पडदा पडला. शेठजींनी शालीचा काठ तोंडावर धरला होता.

मध्यंतरात मी पुढे गेलो तर खुर्चीवर नुसतं श्रीफळ आणि मानचिन्ह. शेठजी बाहेर पायऱ्यांवर बसले होते.

"शेठजी, चला आत. दुसरा अंक सुरू होतोय."

"तुम्ही जा जी."

"लोक हसले ते मनावर घेऊ नका."

"हसू द्या. मीच चुकलो, त्यायचं काय?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाई मस्त थांबते. थांबते म्हणून मले माहीतच नव्हतं." शाल त्यांनी मांडीवर घेतली. "मले वाटलं, गाडी अडली. सांगाले पाहिजे."

"आता चला."

"नाई. दुसरा अंक मी आपला गोदामातलाच ठेवतो."

मी आत गेलो नाही. तिथेच शेजारी बसलो. तिसरी घंटा झाली, दारं लागली. बाजूच्या खिडकीतून आतले आवाज येत होते. शेठजींनी डोळे मिटून घेतले. आता फक्त बोलणं होतं, दिवे नाहीत, कपडे नाहीत, रंग नाही. त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले आणि चेहरा सैल झाला.

बऱ्याच वेळाने आत एकदम शांतता पसरली. प्रमोदचं वाक्य होतं आणि प्रमोद बोलत नव्हता. शेठजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"थांबायची जागा बसवली हाये, का विसरला?"

मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या तालमींना मी नव्हतो. आत कोणीतरी खोकलं. शेठजी अर्धवट उठले, पुन्हा बसले. त्यांनी शाल मुठीत धरली होती. मग मान खाली घालून, खालच्या पायरीवरच्या माणसालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "मी राहायला नाही आलो, आई. घर बघायला आलो."

खिडकीतून प्रमोदचा आवाज आला, "मी राहायला नाही आलो, आई. घर बघायला आलो."

शेठजींनी मान हलवली आणि चुरगळलेली शाल उलगडून, टोकाला टोक जुळवून, नीट घडी घालायला घेतली.